तिकीट काढून पाहिलेला किल्ला

बुऱ्हानपूरच्या शाही किल्ल्यात धुरपदाबाई बावीस वर्षं जात होती. पण तिकीट काढून, ठेवणीतलं लुगडं नेसून, किल्ला बघायला म्हणून ती गेली ती एकदाच. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, लेकीचं, भूमिकाचं लग्न जमावं म्हणून.

रोजचं जाणं वेगळं होतं. सकाळी सातला हजेरी लावायची, डोक्याला फडकं बांधायचं आणि झाडू घ्यायचा. हमामखान्यात वटवाघळांनी केलेली घाण काढायची, भिंतीवरून निखळलेले चुन्याचे पोपडे गोळा करायचे. मग वर दिवाणखान्याच्या गच्चीवरच्या पुड्या, बाटल्या, कबुतरांची पिसं. मग बागेत खुरपं. फाटकाजवळच्या बायकांच्या संडासाची पाळीही तिच्याकडेच होती. काम ठेकेदाराचं, रोजंदारीचं. बावीस वर्षांत ठेकेदार चार बदलले, मुकादम किती बदलले ते तिला आठवतही नव्हतं.

नवरा सुपडू लूमवर कामाला होता. कापसाची भुकटी छातीत जाऊन जाऊन त्याला खोकला लागला आणि पस्तिशीही न गाठता तो गेला. भूमिका तेव्हा चार वर्षांची. माहेर तुकईथडचं, केळीच्या बागांतलं. भाऊ कौतिक न्यायला आला होता. पण भावजयीच्या चुलीपाशी जन्म काढण्यापेक्षा इथंच राहिलेलं बरं, असं म्हणून ती नागझिरी वस्तीत एका खोलीत राहिली आणि शेजारणीच्या ओळखीनं किल्ल्यात लागली.

भूमिका सहावीत असताना तिच्या शाळेची सहल किल्ल्यात आली होती. पोरी दोन-दोनच्या रांगेत हमामखान्याकडं निघाल्या होत्या आणि समोरून धुरपदाबाई डोक्यावर घाणीची पाटी घेऊन येत होती. दोघींची नजरानजर झाली. भूमिका चटकन मान वर करून छताकडं बघायला लागली. धुरपदाबाईच्या काय ते ध्यानात आलं. ती वळली, पाण्याच्या टाकीमागं गेली आणि रांग पुढं जाईपर्यंत पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून घरात किल्ल्याचं नाव निघेनासं झालं.

पोरगी शिकली, बी.कॉम. झाली. शनवारा भागात एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला लागली. दिसायला नीटस, बोलायला शांत. स्थळं यायची. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, मुलाकडचे हसून बोलायचे आणि मग कोणीतरी विचारायचं, आई काय करते? उत्तर ऐकलं की कपबशा खाली ठेवल्या जायच्या. तोंडावर कोणी काही म्हणत नसे. पत्रिका जुळत नाही, मुलाला इतक्यात करायचं नाही, असं काहीतरी चार दिवसांनी कळायचं. असं चार वेळा झालं. भूमिकाला सत्ताविसावं लागलं.

मग कौतिकनंच तोड काढली. म्हणाला, "ताई, पुरातत्त्वात हाये असं सांगायचं. किल्ला पुरातत्त्वाचाच हाये ना? खोटं कुठं हाये त्यात?"

भूमिकानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःच बायोडाटा टाइप केला. संध्याकाळी घरी आणून वाचून दाखवला. आई, पुरातत्त्व विभागात कार्यरत. धुरपदाबाईनं ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"कार्यरत म्हंजे?"

"काम करते म्हणजे."

"मंग खोटं नई ते."

"नाहीच आहे," भूमिका म्हणाली. पण कागदावरून नजर काही तिनं वर केली नाही.

त्या कागदावर नेपानगरचं स्थळ आलं. नामदेवराव मूळचे यावलकडचे, तरुणपणी कागद कारखान्यात लागले आणि तिथंच रिटायर झाले. त्यांची बायको ताराबाई, आणि मुलगा जितेंद्र खंडव्याला एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. फोटो पसंत पडला होता. आता भेट ठरवायची होती. नामदेवरावांनी कौतिकला फोन केला आणि मोकळेपणानं म्हणाले की पस्तीस वर्षं नेपानगरात काढली, पण बुऱ्हानपूर म्हणजे कापडचोपड नाहीतर दवाखाना. किल्ला काही आतून बघितला नाही. मुलीच्या आई तिथंच नोकरीला आहेत, तर त्याच दाखवतील. एका दिवसात किल्ला बघू, तापीपलीकडं जैनाबादचा आहुखाना, ती मुघलांची हरणांची बाग बघू, पोरं-पोरी आपसात बोलतील आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत.

कौतिक "हो हो, येऊन जा" म्हणून बसला आणि मग त्याला घाम फुटला.

भूमिका म्हणाली, नाही म्हणून कळवा मामा. पण नाही कशाच्या नावानं म्हणायचं? तिथं नोकरी करणाऱ्या बाईला किल्ला दाखवायला अडचण काय, असं त्यांनी विचारलं तर? शेवटी धुरपदाबाईच म्हणाली, "येऊ द्या. मी लावते समदं."

तिनं सगळं लावलंही. मुकादमाकडून रविवारची सुट्टी मागून घेतली. तो तसाही रविवारी बाजारात असायचा. आपली पाळी सोजरबाईला दिली. सोजरबाई तिच्याबरोबर पंधरा वर्षं झाडू मारत होती, तिला कारण सांगावंच लागलं नाही. आणि शनिवारी घरी निघताना ती फाटकावरच्या यादव चौकीदारापाशी थांबली.

"यादवदादा, उद्या मी पाहुण्यायसंग येनार हाये. मले ओळख नका दाखवू."

यादव म्हातारा माणूस. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "बिटिया का मामला है?"

तिनं मान हलवली. "फिर ठीक है. मैं तुम्हें जानता ही नहीं," तो म्हणाला.

रविवारी सकाळी भूमिकानं आईचे हात आपल्या मांडीवर घेतले. लिंबाच्या फोडीनं बोटं घासली, नखांतला काळा काढला, भेगांवर व्हॅसलीन चोळलं. मग टाचांना चोळलं. लहानपणापासून आपल्याला कधी कोणी असे हातपाय चोळून दिले होते, हे धुरपदाबाईला आठवेना. तिला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी कशासाठी चाललंय हेही कळत होतं.

पाहुणे साडेनऊच्या गाडीनं आले. दोन रिक्षा केल्या. पुरुष एकीत बसले, बायका दुसरीत. ताराबाई बोलक्या होत्या. साठीच्या जवळपास, अंगानं भरलेल्या, हातात पाण्याची बाटली. आपल्याला शुगर आहे, पाणी फार लागतं, गुडघे दुखतात, जितेंद्र एकुलता एक, त्याला मेथीची भाजी आवडत नाही, असं सगळं त्यांनी राजघाटाच्या वळणापर्यंत सांगून टाकलं. भूमिकाच्या पाठीवरून एकदा हातही फिरवला.

कौतिकनं तिकिटं काढली. फाटकावर यादव उभा होता. धुरपदाबाई समोर आली तसा तो म्हणाला, "माताजी, टिकट दिखाइए."

बावीस वर्षांत तो तिला धुरपदा म्हणायचा, कधी बाई म्हणायचा. सांगितल्याप्रमाणं त्यानं केलं होतं, अगदी चोख केलं होतं. तरी माताजी ऐकून तिनं आधी मागं वळून बघितलं. तिनं तिकीट पुढं केलं. त्यानं ते बघितलं आणि परत दिलं.

आत गेल्यावर मात्र वेगळंच झालं. नामदेवराव प्रत्येक भिंतीपाशी थांबायला लागले. हे काय, ते काय, पाणी कुठून यायचं, छत पडलं कसं नाही? कारखान्यात पाइप आणि पंपांपाशी आयुष्य गेलेला माणूस, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि धुरपदाबाईला ठाऊक होतं. गाइड लोकांचं ऐकून ऐकून बरंच ठाऊक झालं होतं आणि गाइडांना नसेल तेही झाडता झाडता ठाऊक झालं होतं. हमामखान्यात तिनं त्यांना हौदाच्या काठाशी उभं केलं.

"पानी मातीच्या नळातून यायचं म्हनतात, कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या विहिरींकडून. हे बघा, हितं त्याचं तोंड. अन् वरतं ते भोक दिसते ना, त्यातून ऊन येते. सकाळी आठले ते ह्या काठावर असते. आता बघा, तिकडं सरकलं. थंडीत हितपर्यंत येते, उन्हाळ्यात नई येत."

"आणि हा रंग?"

"रंग तवाचाच हाये. ह्या कोपऱ्यात पावसाचं पानी झिरपते, म्हनून निळा गेला. मी आली तवा हे फूल अख्खं होतं. पाच पाकळ्या होत्या. आता दोनच राह्यल्या."

नामदेवराव मान वर करून त्या दोन पाकळ्या बघत राहिले. मग म्हणाले, "गाइड केला असता तर त्यानं हे सांगितलं नसतं. तुमच्याकडं देखभालीचं काम असेल."

"हो," धुरपदाबाई म्हणाली. "देखभालच."

कौतिक मागं खोकला. पण तिला त्या वेळी भीती अशी वाटलीच नाही. आपण बोलतोय आणि चांगला शिकलासवरलेला माणूस ऐकतोय, पुन्हा पुन्हा विचारतोय, असं तिच्या जन्मात घडलं नव्हतं. तिचा आवाज मोकळा झाला. एका पोरानं भिंतीच्या नक्षीवर हात टेकला तेव्हा तिनं रोजच्या सवयीनं त्याला "ए भाऊ, हात काढ" म्हणून दटावलं आणि ताराबाई कौतुकानं हसल्या. पायऱ्या चढताना ताराबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "किती कडक हात हो तुमचे."

"मम्मीला झाडांची आवड आहे," भूमिका मागून म्हणाली.

वर गच्चीवर वारा होता. खाली तापी संथ पडली होती, पलीकडं जैनाबादची झाडी दिसत होती. जितेंद्र आणि भूमिका कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. थोडा वेळ दोघं नदीकडंच बघत होते. मग तो काहीतरी बोलला आणि भूमिका हसली. तोंडावर हात न घेता, मोकळं. धुरपदाबाई लांबून बघत होती. ह्याच गच्चीवर तिनं किती वर्षं केर काढला, पण आपली पोरगी इथं उभी राहून हसेल, असं कधी मनात आलं नव्हतं. जितेंद्रनं मोबाइल काढला आणि भूमिकाचा फोटो घेतला. नामदेवरावांनी ते बघितलं आणि कौतिककडं बघून मान डोलावली. जमलं, असं त्या घटकेला सगळ्यांनाच वाटलं.

मग ताराबाई म्हणाल्या, "अहो, मला जरा खाली जायला पाहिजे. बाथरूम कुठं आहे?"

ताराबाई आणि धुरपदाबाई खाली उतरल्या. भूमिकाही बरोबर निघाली. संडासाच्या दाराला कुलूप होतं आणि पुढं पाच-सहा बायका खोळंबल्या होत्या. एक जण चिडून सांगत होती की झाडूवाली किल्ली शोधायला गेलीय, पाव तास झाला, पत्ता नाही.

धुरपदाबाईचा हात कमरेशी गेला. लुगड्याच्या निऱ्यांशी खोचलेला कापडी बटवा होता आणि बटव्यात किल्ली होती. शनिवारी कुलूप लावून तिनं ती रोजच्यासारखी बटव्यात टाकली होती. चौकीदाराला सांगायचं लक्षात राहिलं, मुकादमाला सांगायचं लक्षात राहिलं, सोजरबाईला पाळी दिली. किल्ली द्यायची राहिली. दुसरी किल्ली मुकादमाकडं, आणि मुकादम बाजारात. सोजरबाई ती शोधत कुठं वणवण करत असेल, कोण जाणे. ती समोर असती तर हातात सरकवता आली असती.

भूमिकानं आईचा हात कमरेशी गेलेला बघितला. तिला लगेच समजलं. तिनं अगदी बारीक मान हलवली. नको.

ताराबाईंनी भिंतीला हात टेकला होता. कपाळावर घाम आला होता. गाडीत दोन बाटल्या पाणी झालं होतं, वर चढण्यात वेळ गेला होता. त्या हळूच धुरपदाबाईच्या कानाशी म्हणाल्या, "ताई, मला आता होत नाही हो. काहीतरी करा. इथं माणसांत माझी लाज जाईल."

त्यांचा आवाज रडवेला झाला होता. धुरपदाबाईनं लेकीकडं बघितलं. भूमिका पुन्हा मान हलवत नव्हती. नुसती बघत होती. मग धुरपदाबाईनं बटवा काढला, किल्ली घेतली, बायकांना बाजूला सारलं आणि दाराशी गेली. ते कुलूप अडकायचं. वर उचलून डावीकडं हिसका दिला तरच उघडायचं. तिनं उचललं, हिसका दिला, कुलूप उघडलं. ताराबाईंना हाताला धरून आत नेलं. नळ फिरवला तर कोरडा. रविवारी बहुतेक कोरडाच असायचा. तिनं काही विचार केला नाही. लुगड्याचा ओचा खोचला, दारामागची बादली उचलली, टाकीवरून भरून आणली आणि आत ठेवली.

बाहेर ती चिडलेली बाई तिच्यावरच घसरली. "यहीं की हो ना तुम? सफाईवाली? ताला लगाके कहाँ घूमती हो? हम लोग कब से खड़े हैं!"

धुरपदाबाई म्हणाली, "गलती हुई, बहनजी." रोज कोणी ओरडलं की ती हेच बोलायची.

तेवढ्यात नामदेवराव, कौतिक आणि जितेंद्र जिना उतरून आले होते. ते चार पावलांवर उभे होते. तिच्या हातातलं कुलूप, खोचलेला ओचा, ओली पावलं, त्या बाईचा चढलेला आवाज, सगळं त्यांच्यासमोर होतं. किल्ली शोधून रिकाम्या हातानं सोजरबाईही पळत आली आणि धुरपदाबाईला तशी बघून जागीच थबकली.

ताराबाई बाहेर आल्या. धुरपदाबाईनं तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. मग धुरपदाबाईकडं बघून म्हणाल्या, "थँक्यू हं."

सकाळपासून त्या तिला ताई म्हणत होत्या.

कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं. नामदेवराव घड्याळ बघून म्हणाले की गाडी संध्याकाळची आहे, ठरल्याप्रमाणं पलीकडंही जाऊन येऊ. रिक्षात बसताना ताराबाई नवऱ्याशेजारी बसल्या, त्यांच्या बाजूला जितेंद्र. ती रिक्षा भरली. धुरपदाबाई, भूमिका आणि कौतिक दुसरीत बसले. पुलावरून जाताना कौतिक दोनदा म्हणाला की माणसं समजदार हायेत, काही होत नई.

आहुखान्यात गवत वाढलं होतं. पडक्या भिंती, मधली कोरडी जागा, बाभळी. मुमताज बेगमेला आधी इथं पुरलं आणि मग आग्र्याला नेलं, हे ऐकायला माणसं येतात. आल्यावर बघण्यासारखं फारसं नसतं. नामदेवरावांनी रिक्षावाल्याला विचारलं की बेगमेला इथं किती दिवस ठेवलं होतं. तो म्हणाला, असेल की दोन-तीन वर्षं. सहा महिने, हे धुरपदाबाईच्या ओठावर आलं होतं. नामदेवरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि उभी राहिली. जितेंद्र लांब एका कमानीखाली मोबाइल बघत होता. भूमिका दुसऱ्या टोकाला.

जेवण हॉटेलात झालं. मावा जिलबी मागवली होती, ती निम्मी तशीच राहिली. लोक एकमेकांना पोळी घ्या, भात घ्या असं वाजवीपेक्षा जास्त म्हणत होते.

स्टेशनवर पुरुष पुढं गेले तेव्हा ताराबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी धुरपदाबाईला जवळ बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. सांगायचं ते तोंडावर सांगावं, एवढी त्यांची रीत होती.

"आज तुम्ही नसत्या तर माझी फजिती झाली असती. ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बायोडाटात खोटं लिहायला नको होतं."

"खोटं नवतं लिहिलं, ताई."

"खरंही नव्हतं ना."

धुरपदाबाईनं विचारलं, "खरं लिहिलं असतं तर तुम्ही आल्या असत्या?"

ताराबाईंनी रुळांकडं बघितलं. लांब सिग्नल पडला होता. "गाडी आली वाटतं," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

घरी आल्यावर भूमिकानं चप्पल काढली, तोंड धुतलं, कपडे बदलले. धुरपदाबाईनं चहा टाकला. कौतिक बसस्टँडवरूनच गावी गेला होता. चहा पुढ्यात आल्यावर भूमिका म्हणाली, "मम्मी, किल्ली काढली नसती तर काय झालं असतं? थांबली असती ना ती थोडी."

"तिच्यानं थांबवत नवतं, बाई."

"आणि माझ्यानं थांबवतं."

ती रागानं बोलली नव्हती. राग असता तर धुरपदाबाईला काही बोलता आलं असतं. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. भूमिकानं तो काढला नाही, पण मानही झुकवली नाही. चहावर साय धरली.

आठ दिवसांनी कौतिकला फोन आला. पत्रिका दाखवली, नाडीदोष निघाला. मुलगी फार चांगली आहे, असंही नामदेवराव म्हणाले. जितेंद्रनं भूमिकाला एक मेसेज पाठवला होता. तो तिनं आईला दाखवला नाही. वाचून मोबाइल उशीखाली ठेवला, एवढंच धुरपदाबाईला दिसलं. कामामुळं मोडलं की लपवल्यामुळं मोडलं, हे मात्र तिला कधीच कळलं नाही. हमामखान्यात झाडू मारताना ती दोन्ही बाजूंनी विचार करायची. खरं लिहिलं असतं तर ते आलेच नसते. खोटं नीट निभावलं असतं तर लग्न झालं असतं आणि मग कधी ना कधी कळलंच असतं. किल्ली लपवून त्या बाईची लाज जाऊ दिली असती तर? इथं येऊन ती थांबायची. ते आपल्यानं झालं नसतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण त्याचं समाधान वाटायला हवं होतं, ते काही वाटत नव्हतं.

दिवाळीच्या आधी कौतिकनं चांदनीचं स्थळ आणलं. स्टेशनजवळ किराणा दुकान, माणूस चाळिशीचा, पहिली बायको कावीळ होऊन गेलेली. हिमानी नावाची आठ वर्षांची मुलगी आणि विपुल नावाचा पाच वर्षांचा मुलगा. भूमिकाला सांगितलं तेव्हा ती दुकानातून येऊन भाजी निवडत होती.

"बघायला केव्हा बोलवू?" कौतिकनं विचारलं.

"बघायचं काय आहे त्यात, मामा," ती म्हणाली. "हो म्हणून कळवा."

धुरपदाबाई म्हणाली, घाई कशाला, आणखी थांबू. भूमिकानं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा मेथीची पानं खुडायला लागली.

तो माणूस, भागवत, घरी आला तेव्हा धुरपदाबाईनं पाणी द्यायच्याही आधी सांगून टाकलं. मी किल्ल्यात झाडू मारते, संडासही धुते, ठेकेदाराकडं हाये, पक्की नोकरी नई. एका दमात, उभ्यानं. तिला वाटलं होतं, तो दचकेल, नाहीतर म्हणेल, काम कोणतंही वाईट नसतं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं." मग खोलीभर एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "पोरायचा शाळेचा डबा सकाळी साडेसहाले लागते. ह्यांले उठनं जमेल ना?"

भूमिका म्हणाली, जमेल.

लग्न नागझिरीच्या घाटावरच्या देवळात झालं. वीस-पंचवीस माणसं होती. सोजरबाई आली होती, यादव आला होता. सासरी जाताना भूमिका रडली नाही; विपुलला झोप आली होती, त्याला तिनं खांद्यावर घेतलं आणि गाडीत बसली.

दोन महिन्यांनी धुरपदाबाई सुट्टी काढून चांदनीला गेली. न कळवता गेली होती. दुकानाच्या मागंच घर. भूमिका ओट्यापाशी उभी होती, हिमानीला ताप होता, कपाळावर घडी ठेवून ती पुन्हा भाकरीकडं येत होती. आईला बघून म्हणाली, "बस." मग चहा केला. बशीत दोन बिस्किटं ठेवली, पाहुण्याला ठेवतात तशी. धुरपदाबाईनं विचारलं, बरं हाये ना सगळं? भूमिका म्हणाली, हो. मारत-बिरत नई ना? नाही गं, ते बोलतच नाहीत फार. पोरं लळा लावून ऱ्हायली का? विपुल लावतो. हिमानी आईचा फोटो उशाशी घेऊन झोपते.

धुरपदाबाईनं पदर खोचला आणि मोरीतली भांडी घासायला घेतली. भूमिका नको म्हणाली नाही. पुढून दुकानातून भागवतनं दोनदा हाक मारली, एकदा साखरेचं पोतं सोडायला, एकदा सुट्ट्या पैशांसाठी. भूमिका जाऊन आली. दुपारी पोरीचा ताप उतरला, तेव्हा मायलेकींना जरा बसायला मिळालं. भूमिकाच्या हाताला चरे पडले होते. धुरपदाबाईला ते दिसले. बोलावं की न बोलावं करता करता तिच्या गाडीची वेळ झाली.

दारापर्यंत भूमिका आली. म्हणाली, "पुढच्या वेळी सांगून ये मम्मी. रविवारी दुकानात गर्दी असते, ह्यांना आवडत नाही मी इकडं बसलेली."

"बरं," धुरपदाबाई म्हणाली. "सांगून येईन."

पॅसेंजर तासभर लेट होती. फलाटावर दोन शेळ्या आणि एक म्हातारा सोडून कोणी नव्हतं. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. सोमवारी सातला हजेरी होती आणि नवा मुकादम आला होता, तो पाच मिनिटं उशीर झाला तरी त्या दिवसाची हजेरी मांडायचा नाही. गाडी आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. ती चढली, दाराजवळच जागा मिळाली.